गाडीखालचं खातं

आमच्या घरात दिवाळीनंतर माणसांना जागा उरत नसे. कापूस घरात यायचा आणि आम्ही बाहेर जायचो. एकच खोली, वर टिनं. वेचणी सुरू झाली की खोली जमिनीपासून टिनापर्यंत पांढरी होऊन जायची आणि भाव वाढेल या आशेवर तशीच राहायची, कधी संक्रांतीपर्यंत, कधी होळीपर्यंत. चूल अंगणात, अंथरुणं ओसरीत, अंगाला खाज सगळ्यांच्या. थंडी फार पडली की मी कापसावर चढून टिनाखाली आडवी होऊन अभ्यास करायची. माझं दहावीचं भूमितीचं पुस्तक त्या कापसात बुडालं ते सापडलंच नाही, कापसाबरोबर जिनिंगला गेलं. भूमितीत मी कशी पास झाले, ते मला अजून सांगता येत नाही.

मग बीटीचं बियाणं आलं. पहिल्या वर्षी बोंडअळी दिसली नाही, म्हणून कापूस वाढला, म्हणून घर आणखी लहान झालं. पुढं लाल्या आला, पानं लाल पडून झाडं वाळली, कापूस घटला. घर मोठं झालं आणि भाकरी लहान झाली. अशा घरातून मी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि मेहकरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. बाबा चौथी शिकलेले, आई अंगठा. कॉलेज म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण राहायला जागा लागते एवढं कळत होतं. आमच्या गावातून सकाळी बस नव्हती. खोली घेऊन एकटी मुलगी ठेवायची हिंमत बाबांची नव्हती.

शेवटी सोय झाली ती बसमध्येच. बसनं जाण्यायेण्याची नव्हे, बसमध्ये राहण्याची.

मेहकरात जुन्या जिनिंगच्या आवारात एका कडुलिंबाखाली एक निळी, पुढं नाक असलेली, जुन्या पद्धतीची बस उभी होती. खिडक्यांना पडदे. टपावर पापड वाळत घातलेले. दारापुढं तुळस, ती जुन्या ब्रेकड्रममध्ये लावलेली. बाबा माझी ट्रंक घेऊन पुढं आणि मी मागं, असे आम्ही तिथं पोचलो तेव्हा दारात कोणी नव्हतं. मग गाडीखालून आधी दोन पाय निघाले, मग लुगडं, मग कपाळावर गोंदणाच्या बाजूनं ग्रीसचा पट्टा असलेलं एक साठीचं तोंड. या मावशी. गावात यांना सगळे टुरिंगवाली म्हणत.

"काय शिकतं?" त्यांनी मला विचारलं.

"बी.एस्सी."

"ते राहू दे. उताणं झोपून हात वर धरता येते का?"

त्यांनी खाली चटई टाकली, मला उताणी झोपवलं, हात वर करायला लावले आणि कोपरापर्यंतचं अंतर वितीनं मोजलं.

"मावते," त्या म्हणाल्या. "आजपासून राह्य."

बाबांना वाटलं, झोपायच्या फळीचं माप घेतलं. ते गाडीखालचं माप होतं. आम्ही चार मुली तिथं राहायचो आणि भाडं थोडं पैशात, बाकी ग्रीसमध्ये द्यायचो.

मावशी आणि त्यांचे मालक ही गाडी घेऊन जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवत फिरायचे. मागच्या भागात मशीन आणि तंबू, पुढच्या भागात संसार. बावीस गावच्या जत्रा आणि एकही गाव आपलं नाही, असं मावशी अभिमानानं सांगायच्या. मालक गाडी चालवायचे. ते अंगानं एवढे मोठे होते की गाडीखाली शिरत नसत. त्यामुळं लग्नाच्या पहिल्याच वर्षी खात्यांची वाटणी झाली. गाडीच्या तळाच्या फळीच्या वरचं सगळं मालकांचं: इंजिन, स्टिअरिंग, पेडलं, हॉर्न. फळीच्या खालचं सगळं मावशीचं: चेसिस, ओझं पेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानी, गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा तो मोठा गोळा, चाकं, ब्रेकच्या नळ्या. त्या गोळ्याला पुस्तकात डिफरन्शियल म्हणतात. मावशी डिफ्रेशन म्हणायच्या आणि मीही अजून तेच म्हणते.

घरोघरी टीव्ही झाले, तंबू विकला गेला. शेवटची जत्रा करून आले त्या दिवशी मालकांनी गाडी या कडुलिंबाखाली लावली, "आता उद्या पाहू" म्हणाले, आणि तो उद्या त्यांनी पाहिला नाही. तेव्हापासून गाडी तिथंच होती. मी गेले तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत मावशीनं आपल्या खात्यात एक दिवस खाडा केला नव्हता आणि मालकांच्या खात्यात एकदाही हात घातला नव्हता. बोनेट उघडलेलं नव्हतं. आत तीन कोंबड्या राहत. आमच्या इंजिनातून रोज दोन अंडी निघत, आणि तीही मावशी खालून हात घालून काढत, कारण बोनेट वरच्या खात्यात येत होतं.

"मावशी, गाडी जागची हलत नाही, मग हे ग्रीस कशाला?" पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं.

"तू रोज कुठं जातं का? मंग आंघोय काऊन करतं?"

मी ग्रीसचा डबा उचलला.

दर अमावास्येला ग्रीस. शाफ्टच्या दोन्ही सांध्यांना, म्हणजे क्रॉसना, कमानीच्या पिनांना, प्रत्येक निप्पलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत. वर्षातून एकदा गिअरबॉक्स आणि डिफ्रेशनचं नव्वद नंबर ऑइल बदलायचं. जुनं ऑइल मावशी बोटांत चोळायच्या, उन्हात धरून लोखंडाचा कीस दिसतो का बघायच्या. इतकी वर्षं न फिरलेल्या गोळ्यातून कीस कुठून येणार? "एक कन नाई!" असं त्या दर वर्षी नव्यानं खूश होऊन सांगायच्या.

आणि महिन्यातून दोनदा चाकं. उभ्या गाडीचं टायर एकाच जागी दबून चपटं होतं, म्हणून त्याची बसायची जागा बदलायची. पुढची चाकं सोपी होती. जॅक लावून उचलायची आणि हातानं पाव फेरा द्यायचा. मागची मात्र जॅकवर घेतली तरी फिरत नसत. ती नट सोडून काढायची, दोन नट पुढं सरकवून पुन्हा बसवायची. चार मुली, एक पहार, आणि मावशीच्या शिव्या.

"मागचं काऊन फिरत नाही, मावशी?"

"त्याचं माह्याकडं नाई," त्या म्हणायच्या आणि विषय संपायचा.

चाकाच्या दिवशी घर कलायचं. सकाळीच हुकूम सुटे, "आज मागचं डावं!" की आम्ही स्टोव्ह उजवीकडं न्यायचो, वरण अर्ध्याच पातेल्यात करायचो आणि झोपायचं झालं तर कोणीकडं गडगडणार हे बघून झोपायचो. माझ्या शेजारच्या फळीवर रेखा नावाची देऊळघाटची मुलगी होती. तिनं अख्खं सेंद्रिय रसायन तिरप्या जमिनीवर पाठ केलं. परीक्षेच्या सपाट बाकावर आपल्याला काही आठवत नाही, अशी तिची तक्रार होती.

मावशीचं एक म्हणणं होतं: माणूस वरून म्हातारं होते, गाडी खालून. पण माणसालाही त्या खालूनच बघायच्या. कोणी आलं की तोंडाकडं न बघता आधी दाराबाहेर काढलेल्या चपला उलट्या करून बघायच्या. टाच कुठं झिजली, अंगठा कुठं. आमच्या कॉलेजच्या एका सरांची चप्पल बघून त्या म्हणाल्या होत्या, "हा मानूस सारखा ब्रेकवर पाय ठेऊन जगून राह्यला." ते सर अजून त्याच पदावर आहेत, हे खरं आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना बाबा एका रविवारी नांदुऱ्याचे पाहुणे घेऊन आले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा. मला काहीच कळवलेलं नव्हतं. नेमकी ऑइल बदलायची तारीख होती, त्यात मागचं उजवं चाक वर. मी डिफ्रेशनखाली उताणी पडलेली, बूच सोडलेलं, ऑइलची धार घमेल्यात आणि थोडी माझ्या केसांत.

"मुलगी कुठं आहे?" मुलाच्या आईनं विचारल्याचं मी खालून ऐकलं.

"खाली हाय. डिफ्रेशनपाशी," मावशीचा आवाज.

"तब्येत बरी नाही का तिची?"

"तिची बरी हाय. ऑइल उतरून राह्यलं. पूर्ण उतरल्याबिगर पोरगी उठनार नाई. तुमी बसा ना वर, चहा घ्या."

बाबा दातांवर दात ठेवून म्हणाले, "मावशी, निदान गाडी तं सरळ करा."

"चढवलेलं चाक अर्ध्यात उतरवत नसतात, दादा. अपशकुन असते."

पाहुणे तिरप्या घरात बसले. मुलाची आई फळीवरून हळूहळू सरकत मामाच्या अंगावर गेली, मामा मुलाच्या, आणि मुलगा खिडकीला टेकला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. चहाच्या बश्या रेखा एका हातानं आणि स्वतःला दुसऱ्या हातानं धरून होती. तेवढ्यात मावशी बाहेर आल्या, मुलाची चप्पल उलटी केली, बोट फिरवलं, आणि गाडीखाली वाकून मला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरी, अलाइनमेंट नाई याची. डाव्या अंगानं खाऊन राह्यलं."

पाहुणे गेले ते गेलेच.

बाबा लिंबाखाली उकिडवे बसले. मी केस रॉकेलनं पुसत समोर उभी. बाबा रागावले की ओरडत नाहीत, हळू बोलतात.

"माय, एक आयक," ते म्हणाले. "तुह्या आईच्यानं आता वेचनी होत नाई. घरी मानूस पाह्यजे. तरी मी तुले मधातून काढत नाई. ही गाडी इथं उभी हाय तोवर शिक. गाडी गेली की ट्रंक उचलायची आन् घरी. मंग मले कोन्या मावशीचं सांगू नोको."

मी हो म्हणाले. तेरा वर्षं न हललेल्या गाडीवर पैज लागली, तर हो म्हणायला माझं काय जात होतं?

आमच्या आवाराच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, बियाण्याचं दुकान होतं. जिनिंगचे मोठे शेठ म्हातारे झाले, जिनिंग बंद पडलं, आणि धाकट्या शेठनं तिथं बियाणं-खताचा धंदा टाकला. जूनमध्ये बीटीच्या पाकिटांसाठी तिथं रांग लागायची. बाबाही त्याच रांगेत असत. पाकिटाबरोबर साध्या बियाण्याची एक लहान पुडी मिळे, ती शेताच्या कडेनं पेरायची असते. कोणी पेरत नसे. दुकानापुढं त्या पुड्यांचा खच पडायचा. मावशीनं एकदा एक उचलून मला विचारलं, ही कशाची. मी शिकलेली होते, मी सांगितलं: अळीला खायला थोडी साधी कपाशी ठेवायची, म्हणजे तिला बीटी पचवायची सवय लागत नाही, औषध टिकतं.

"म्हंजे स्टेपनी," मावशी म्हणाल्या.

तीन वर्षांत आमच्या प्राध्यापकांना जे नीट सांगता आलं नव्हतं ते त्यांनी एका शब्दात सांगितलं. मी घरी जाऊन बाबांना तेच सांगितलं. बाबा हसले. "अळीसाठी पेरू? आमचंच भागंना."

मात्र मावशीच्या एका गोष्टीला बाबा हसले नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मावशी त्या संध्याकाळी गाडीच्या चारही कमानींना हळद-लोणी चोळायच्या, पाट्यांवरून हात फिरवायच्या आणि तेच आवतन द्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी चाकापुढं. कोंबड्या ती खायच्या आणि मावशी म्हणायच्या, इंजिनालेच लागली. मी हे घरी हसत हसत सांगितलं. बाबा बैलाच्या खांद्यावर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "ज्याले ओझं, त्याले मान. बरोबर करते बाई."

मी शेवटच्या वर्षाला असताना, परीक्षा दीड महिन्यावर आली तेव्हा, धाकटे शेठ दोन माणसं घेऊन आवारात आले आणि टेपनं लिंबाभोवतीची जागा मोजू लागले. बियाण्याचं गोदाम बांधायचं होतं.

"मावशी, महिनाअखेर खाली करा."

"मोठ्या शेठचा शब्द हाय मले. गाडी हाय तोवर उभी राहू दे म्हनले होते."

"गाडी!" धाकटे शेठ हसले. त्यांनी तुळस दाखवली, पापड दाखवले, कपड्यांची दोरी दाखवली. "गाडीवर पापड वाळतात? हे घर आहे. आमच्या बाबांनी गाडीला जागा दिली होती, घराला नाही."

प्रकरण मोठ्या शेठपर्यंत गेलं. ते पंच्याऐंशीचे, ऐकू कमी येई, पण शब्द पक्का. त्यांनी निवाडा केला: येत्या रविवारी सकाळी आपल्या चाकांवर लिंबापासून फाटकापर्यंत गेली तर गाडी, मग तिनं आवाराच्या मागच्या कोपऱ्यात मावशी आहेत तोवर उभं राहावं. नाही गेली तर घर, मग तोडावं.

मी हिशेब केला. गाडी गेली की ट्रंक उचलायची, असं बाबा म्हणाले होते. पेपर दीड महिन्यावर. तीन वर्षं उताणी पडून मी शिकले होते, आणि पदवी त्या चौदा वर्षं न चाललेल्या चाकांना बांधलेली होती.

मावशीला चिंता नव्हती. "खालून मी जबाबदार," एवढंच त्या म्हणायच्या. इंजिन सुरू करायचा प्रश्नच नव्हता, त्यात कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या. ओढायला एका ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं.

रविवारी सकाळी अर्धं मेहकर जमलं. मोठ्या शेठना खुर्ची टाकून बसवलं. गॅस कटरवाला सिलिंडर घेऊन आधीच आला होता आणि मावशीनंच केलेला चहा पीत होता. ट्रॅक्टरवाला मात्र आला नाही. जूनमध्ये त्याला बियाणं याच दुकानातून घ्यायचं होतं, हे त्याला रात्रीतून आठवलं असावं.

निवाड्याची बातमी गावाकडं पोचली होती. बाबा आले ते बैलगाडी घेऊन. माझी ट्रंक न्यायला. गाडी हलणार नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी बैलगाडी लिंबाच्या सावलीत लावली, बसकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी ट्रंक भरलेली नव्हती. मी गाडीखालून नुकतीच निघाले होते आणि हात कोपरापर्यंत काळे होते.

"कोनी ओढनार हाय का नाई?" बाबांनी विचारलं.

"ट्रॅक्टर आला नाही, बाबा."

बाबा वाकून गाडीखाली गेले. कमानीवर पोळ्याची हळद अजून पिवळी दिसत होती. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं. मग उठले, बैल सोडले आणि जू घेऊन बसच्या नाकापाशी आले.

धाकटे शेठ पुढं झाले. आवाज गोड. "दादा, जूनमधी बियाणं लागते ना तुमाले?"

"लागते ना शेठ," बाबा म्हणाले, आणि बसच्या पुढच्या हुकाला दोर बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली.

स्टिअरिंगवर कोणी बसायचं? मावशी मालकांच्या जागेवर बसणार नव्हत्या. "वरचं खातं," त्या म्हणाल्या. तिघी मुली मागून ढकलायला गेल्या. उरले मी. बैलगाडी सोडली तर मी आयुष्यात काही हाकलं नव्हतं. मी मालकांच्या गादीवर बसले. धूळ उडाली. गिअरची दांडी मधे होती, हलवून बघितली, सैल.

"हाऽ राजा! हाऽ सर्जा!" बाबांनी आवाज दिला.

दोर ताणला. बैलांच्या माना खाली गेल्या, खुरं मातीत रुतली. मागून मुली आणि चहा संपवलेला गॅस कटरवालासुद्धा ढकलत होता. गाडी तसूभर हलली नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बैलाचा पाय घसरला आणि बाबांनी दोर ढिला केला.

"घर आहे, बाबा," धाकटे शेठ मोठ्या शेठच्या कानात ओरडले. "घरं चालत नसतात."

मावशी गाडीखाली गेल्या होत्या. खालून त्यांचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेला. "क्रॉस मोकये हायेत. हब मोकयं हाय. माह्याकडं काईच अडत नाई वं! माह्याकडं काईच नाई!"

तेव्हा मला ती मागची चाकं आठवली. जॅकवर घेऊनही न फिरणारी. त्याचं माह्याकडं नाई. मी सीटच्या बाजूला बघितलं. एक लोखंडी दांडा, वर ओढलेला, त्यावर चौदा वर्षांची धूळ, आणि मुठीवर कापडाची चिंधी गुंडाळलेली. हँडब्रेक. मालकांनी त्या संध्याकाळी ओढला होता, आणि तो वरच्या खात्यात होता.

मी खाली उतरले, गाडीखाली वाकले. मावशी शाफ्टखाली उताण्या पडलेल्या, डोळे उघडे.

"मावशी, हँडब्रेक लागला हाय."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. मग, "तो त्यांनी ओढला होता. त्यांच्या हातचं शेवटचं तेवढंच राह्यलं."

बाहेर लोक बोलायचे थांबले नव्हते. कोणी तरी हसत होतं. मी विचारलं, "सोडू का?"

त्यांनी हात वर करून शाफ्टला लावला, तापाच्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा. "केबल माह्याकडं येते," त्या म्हणाल्या. "तेल पाजेल हाय तिले. अडनार नाई. सोड."

मी वर चढले. मूठ धरली, बटण दाबलं. मला वाटलं होतं गंजून बसला असेल. दांडा लोण्यातून जावा तसा खाली गेला.

बाबांनी आवाजही दिला नव्हता. बैलांनी नुसती मान हलवली आणि गाडी निघाली. आवाज नाही, कुरकुर नाही. बोनेटखाली कोंबड्या एकदम ओरडत उठल्या, तेव्हा गर्दीतून कोणी म्हणालं, "अबे, इंजिन चालू झालं!" टपावरचे पापड गळू लागले. आणि मावशी गाडीच्या बाजूनं, कमरेत वाकून, एक कान डिफ्रेशनकडं लावून, अनवाणी पळत होत्या.

"आवाजच नाई!" त्या मला ओरडून सांगत होत्या. "आयक! आवाजच नाई!"

फाटक आलं. बाबांनी बैल थांबवले. गाडी थांबली नाही. तिला इतकं मोकळं करून ठेवलं होतं की थांबायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला बैलांच्या शेपट्या काचेत मोठ्या होताना दिसल्या. मी स्टिअरिंग धरून मधल्या पेडलवर दोन्ही पायांनी उभी राहिले. गाडी बैलांपासून हातभर अंतरावर थांबली, रस्त्यावर, बियाण्याच्या दुकानाच्या बरोबर पुढं.

मावशी खाली शिरल्या, ब्रेकच्या नळ्यांवरून हात फिरवून बाहेर आल्या आणि कोरडी बोटं सगळ्यांना दाखवली. "थेंब नाई."

धाकटे शेठ म्हणाले, "पण इंजिन..."

मोठ्या शेठना ते ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. ते काठी टेकून उठले. "मी पाह्यलं," म्हणाले. "चाक फिरलं. मागं लावा."

गाडी बैलांनी वळवून मागच्या कोपऱ्यात नेली. तुळस पायरीवर बसून आली. सगळं थांबल्यावर मी दांडा ओढायला हात घातला, तर मावशी दारात. त्या आत आल्या, मला उठवलं, पदरानं गादी झटकली आणि मालकांच्या जागेवर बसल्या. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. दोन्ही हातांनी त्यांनी हँडब्रेक ओढला, करकर करत, शेवटच्या दातापर्यंत.

"आता दोन्ही खाते माह्याकडं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बोनेट उघडलं. कोंबड्यांना गाडीशेजारी खुराडं मिळालं.

बाबांनी रिकामी बैलगाडी जुंपली. माझी ट्रंक होती तिथंच राहिली. जाताना फक्त म्हणाले, "हात धू. अभ्यासाले बस."

त्या जूनला बाबांना त्या दुकानात बियाणं मिळालं नाही. ते नांदुऱ्याला जाऊन दोन दिवस रांगेत उभे राहिले आणि पाकिटं घेऊन आले. पाकिटाबरोबरची लहान पुडी त्यांनी फेकली नाही. शेताच्या चारही कडांनी पेरली, आणि आईला सांगितलं, "स्टेपनी हाय."

कापूस अजून उगवायचा होता, तेव्हा निकाल लागला. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्गात पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.